झोपेचे खोबरे कोण करते?

दिवाळीची सुट्टी लागली की हल्ली माणसे घरात राहत नाहीत. फराळाचे डबे गाडीत टाकायचे, पोरांना मागच्या बाकावर बसवायचे आणि एखाद्या धरणाकाठी तंबूत दोन रात्री काढून यायचे, अशी नवी रीत पडली आहे. पवना धरणाचा काठ, भंडारदरा, इगतपुरीच्या बाजूचे डोंगर, कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बने. जिथे पाहावे तिथे निळ्यापिवळ्या तंबूंच्या रांगा. या रीतीविरुद्ध माझी मुळीच तक्रार नाही. चार भिंतींत जन्मलेल्या आणि चार भिंतींतच वाढणाऱ्या पोराने वर्षातून एकदा तरी चांदण्याखाली निजावे, असेच मी म्हणेन. माझी तक्रार निराळी आहे. सणासुदीला हे कशाला काढता, असे कोणी विचारील. तर बाबांनो, सणासुदीलाच काढायला हवे. गुन्हा याच दिवसांत घडतो.

माझा अधिकार काय, तेही सांगून टाकते. तालुक्याच्या गावी एका बालवाडीत मी शिकवते. शाळेला जोडूनच पाळणाघर आहे. तिथे दीड वर्षापासूनची मुले असतात. दुपारी साडेबाराला सतरंज्या पडतात, खिडक्यांचे पडदे ओढले जातात आणि अडीचपर्यंत सामसूम. वीस वर्षे मी हे काम करते आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आता तिला दहावी म्हणतात, एवढाच फरक. बालमानसशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते, पण त्यांचा इथे उपयोग नाही. कादंबरीतल्या नायिकेला रात्रभर झोप आली नाही तर लेखिकेची दहा पाने भरतात. दोन वर्षांच्या पोराला झोप आली नाही तर काय होते, हे दुसऱ्या दिवशी त्याला सांभाळणारीला विचारावे.

सुट्टी संपून शाळा उघडली की दरवर्षी दोन-तीन आया तरी तेच गाऱ्हाणे घेऊन येतात. “बाई, तंबूत राहायला गेलो होतो. हा रात्रभर रडला. आता हा मोठा होईपर्यंत कुठं म्हणून जायचं नाही.” शेजारी आजी उभी असते. ती म्हणते, “मी सांगत होते, एवढ्याशा लेकराला रानात नेऊ नका. काहीबाही दिसतं त्यांना.” म्हणजे एकीच्या लेखी दोष पोराचा आणि दुसरीच्या लेखी रानाचा. त्या रात्री तिथे आणखी कोण जागे होते, हे दोघींपैकी एकीलाही विचारावेसे वाटत नाही.

मी विचारते. उत्तर ठरलेले असते. गाडी शहरातून दुपारी चारला निघाली. पोर वाटेत साडेपाचला झोपले ते सात वाजता, मुक्कामावर पोहोचल्यावर, उठले. आठला शेकोटी पेटली. साडेनऊला जेवण आले, तेही निखाऱ्यावर भाजलेले तिखट. पोराने खाल्ले नाही म्हणून त्याच्या हाती चॉकलेट आणि बाटलीतले काळे पेय दिले. दहाला गाणी सुरू झाली, तीही भिंतीएवढ्या कर्ण्यांतून. साडेअकराला आईच्या खांद्यावर पोराचा डोळा लागला, तसे त्याला अलगद तंबूत नेऊन ठेवले आणि मंडळी परत शेकोटीपाशी आली. साडेबाराला पोर किंचाळत उठले. मग चारपर्यंत रडणे. सहाला उजाडले, आठला तंबू उन्हाने तापला आणि सगळे पुन्हा जागे.

यात रानाने काय केले? वाचकहो, या सगळ्या हकिकतीत रान कुठे आहे ते मला दाखवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांच्या झोपेविषयी मार्गदर्शन केले आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास. आता वरच्या रात्रीचा हिशेब करा. चार तास मिळाले तरी डोक्यावरून पाणी. मोठ्या माणसाला चार तास झोप मिळाली की तो चिडचिड करतो आणि आपण म्हणतो, बिचाऱ्याला जागरण झाले. पोराने तसे केले की आपण म्हणतो, रडका आहे.

शिवाय ते मध्यरात्रीचे किंचाळणे. त्याला आजी बाधा म्हणते. तिचे कारण इतके साधे आहे की सांगायला लाज वाटावी. झोप ही एकसंध नसते. ती लाटेसारखी गाढ होते आणि उथळ होते. मोठ्या माणसाची एक लाट सुमारे दीड तासाची, लहानाची त्याहून आखूड. प्रत्येक लाटेच्या शेवटी मूल क्षणभर अर्धवट जागे होते आणि भोवताल चाचपते. निजताना जे होते ते जागच्या जागी असेल तर पुन्हा झोपते. निजताना आईचा खांदा होता, अंगाला शेकोटीची ऊब होती, कानात गलका होता. आणि जाग आली तेव्हा काळोख, गार कापड आणि एकटेपण. तुम्हांला कोणी झोपेत उचलून परक्या खोलीत नेऊन ठेवले तर तुम्ही काय कराल? चौकीदाराला हाका माराल. पोरही तेच करते. म्हणून जिथे जाग येणार आहे तिथेच त्याला निजवावे, आणि पहिले दोन तास कोणीतरी एकाने तंबूत त्याच्याजवळ असावे. शेकोटीची पाळी लावून घ्या. बापानेही घ्यावी. शेकोटी पेटवायला जो पुढे होतो त्याला अंगाई येत नाही असे मी समजत नाही.

मागल्या वर्षी भाचीबरोबर आणि तिच्या दोन वर्षांच्या मुलीबरोबर मी एका तळ्याकाठच्या छावणीत गेले होते. नाव सांगत नाही. जाहिरातीत ‘सहकुटुंब’ हा शब्द ठळक छापलेला होता. रात्री दहा वाजून गेले तरी कर्णे वाजतच होते. चौकशीच्या खोलीतल्या तरुणाला मी म्हटले, “दादा, बारीक करा जरा, लहान मुलं आहेत.” तो हसून म्हणाला, “ताई, लोक इथं मजा करायला येतात. झोपायचं तर घरी झोपावं.” हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवले आहे. सगळा वाद या एका वाक्यात आहे. ज्याला झोप ही मजा वाटत नाही त्याने तंबू भाड्याने द्यावेत, म्हणजे ज्याला भूक लागत नाही त्याने खानावळ काढावी.

दहा वाजता गाणे बंद करा, ही काही मेहेरबानीची मागणी नव्हे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला त्यांनी बंदी केली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे. आणि उत्सवासाठी वर्षातले मोजके पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा सरकारला अधिकार आहे. पण तळ्याकाठचे उघडे मैदान हे सभागृह होत नाही, आणि दर शनिवार हा उत्सव होत नाही. ११२ या क्रमांकावर कोणालाही तक्रार करता येते. आपण करत नाही. कारण बहुतेक वेळा नाचणाऱ्यांत आपलाच मेहुणा असतो.

आता विरोधकांचे मुद्दे. पहिला मुद्दा सुशिक्षितांच्या तोंडून येतो म्हणून अधिक राग आणतो. ते म्हणतात, “तुम्ही मुलांना फार नाजूक करता. उसाच्या फडावर बघा, कामगारांची पोरं पाचटाच्या कोपीत कशी निवांत झोपतात. सवय लावली की सगळं होतं.”

हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे, पुष्कळदा तीन-चारलाच, त्या आईला उठावे लागते आणि पोर एक तर तिच्याबरोबर थंडीत फडावर जाते, नाही तर थोरल्या बहिणीच्या हवाली होते. त्या बहिणीची शाळा बुडते ती निराळीच. ते पोर निवांत झोपते, हे तुम्हांला कोणी सांगितले? त्याची झोप रोज मोडते, आणि ती मोडू नये यासाठी त्याच्या आईजवळ कुठलाच उपाय नसतो. जी गोष्ट एकीला नाइलाजाने सोसावी लागते, ती दुसरीने हौसेखातर आपल्या पोराला सोसायला लावावी, आणि वर त्याला ‘सवय’ म्हणावे? नाजूक पोर आणि कणखर पोर असा इथे फरकच नाही. एका आईच्या हातात पोराची झोप राखणे आहे, दुसरीच्या हातात नाही, एवढाच फरक आहे.

उदाहरणच हवे असेल तर मेंढपाळांचे घ्या. आमच्या शाळेमागच्या रानात दरसाल धनगरांचा वाडा येऊन बसतो. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात आणि धान्य किंवा पैसे देतात. दोन-चार दिवसांनी वाडा पुढे. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, नुकती व्यालेली कोकरे आणि त्यांच्याच शेजारी बांधलेले दीड-दोन वर्षांचे पोर. या पोराची वर्षातली किती रात्री जागा बदलत असेल! आणि तरी ते झोपते. मी कुंपणाशी उभी राहून पुष्कळदा पाहिले आहे. त्यांची रात्र कशी होते ते सांगते.

ऊन कलायच्या आत घोडा रिकामा होतो. चूल नेहमी बिऱ्हाडाच्या एकाच बाजूला मांडतात, कोकरांची वाघर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये जिथे वारा लागत नाही तिथे अंथरूण. रान नवे असते, मांडणी जुनीच. पोर उतरल्याबरोबर आपल्या जागी जाऊन बसते. त्याला कोणी दाखवावे लागत नाही. दिवेलागणीला भाकरी-कालवण होऊन जाते. जाळ आपोआप उतरतो, कारण लाकूड जपून वापरायचे असते. जमिनीवर जाड घोंगडे, अंगावर घोंगडे, जवळ आई, पलीकडे मेंढरांचा तोच वास आणि कुत्र्यांचे तेच गुरगुरणे. त्यांचे जीवन सुखाचे आहे असे मी म्हणत नाही. पाऊस, चोर, लांडगा, चाऱ्यावरून होणारी भांडणे, सगळे त्यांच्या मागे आहे. पण एक गोष्ट त्या बाईला कोणी न शिकवता कळलेली असते. मुक्काम बदलला तरी पोराची रात्र बदलायची नाही.

आपण काय करतो? मुक्काम बदलतो आणि रात्रही बदलतो. घरी साडेआठला निजणारे पोर तिथे बाराला निजावे अशी अपेक्षा करतो. घरची गोधडी नेत नाही, कारण छावणीत गादी देतात. नेलीच तर आदल्या दिवशी धुऊन नेतो. अहो, त्या गोधडीत आहे काय तर वास! तो धुऊन टाकल्यावर उरले नुसते कापड. गोधडी न धुता न्यावी. नेहमीचे गाणे, नेहमीची वाटी, नेहमीची वेळ न्यावी. आणि शक्य असेल तर तो तंबू आधी दोन दिवस घरातल्या दिवाणखान्यात नाहीतर गच्चीवर उभा करावा, त्यात पोराला खेळू द्यावे, दुपारची डुलकी तिथेच घेऊ द्यावी. मग धरणाकाठी तो तंबू परका राहत नाही.

निघायचे तर सकाळी निघावे आणि ऊन असतानाच पोहोचावे. दुपारची झोप चुकवू नये. “दुपारी झोपवलं नाही की रात्री ढाराढूर झोपेल” ही समजूत मी वीस वर्षे खोटी ठरताना पाहिली आहे. अति दमलेले पोर अधिक रडते आणि अधिक वेळा उठते. जेवण सातला, आणि तेही मऊ भात-वरणाचे. त्यासाठी छावणीच्या स्वयंपाक्याशी भांडावे लागले तर भांडावे. थंडीचे म्हणाल तर लोक वरून पांघरुणांचा ढीग घालतात आणि खाली नुसती प्लॅस्टिकची चटई. थंडी खालून येते. जमीन अंगाची ऊब ओढून घेते. दोन घोंगड्या खाली आणि एक वर, हे उलटपेक्षा बरे. पोर गारठले की तापले हे तळहातावरून कळत नाही, मानेमागे हात घालून पाहावे. वर्षाच्या आतल्या तान्ह्याला मात्र उशा, जड दुलया, डोक्यावरची घट्ट टोपी यांपैकी झोपेत काहीच नको. सपाट, टणक अंथरूण आणि उताणे निजवणे. आणि ज्याने रात्री पेला घेतला आहे त्याने मुलाशेजारी निजू नये. कोणाला वाईट वाटले तर वाटो.

तंबूत निखाऱ्यांची शेगडी नेऊ नये, हे मी ओरडून सांगते. विझत आलेल्या कोळशातून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. त्याने माणूस झोपेतच जातो. डासांसाठी धुराची अगरबत्ती बंद तंबूत लावू नये. जाळी बांधावी, तंबूची साखळी पूर्ण ओढावी, सकाळी चपला झटकून घालाव्यात.

आता त्या दुसऱ्या उपायाविषयी, ज्याची चर्चा आया एकमेकींच्या कानात करतात. “प्रवासाला निघताना सर्दीचं औषध चमचाभर देते मी. छान झोपतो.” हे मी शाळेच्या दारात ऐकले आहे, आणि ऐकून माझ्या अंगावर काटा आला आहे. सर्दीच्या पुष्कळ औषधांनी गुंगी येते हे खरे. काही पोरांना उलट चेव येतो हेही खरे. पण गुंगी म्हणजे झोप नव्हे, आणि एवढ्याशा जिवाच्या श्वासाशी खेळ करण्याचा अधिकार आईलाही नाही. सर्दीच्या औषधांतले एक नेहमीचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असे बाटलीवरच छापा, हा केंद्रीय औषध नियंत्रकांचा हुकूम २०२३ सालचा आहे. २०२५ साली छिंदवाड्याकडची मुले खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली. त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत होती. त्यानंतर दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊच नयेत, असे केंद्राने पुन्हा बजावले. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत. त्यांच्यापुढे दहा-अकरा तासांची पाळी होती आणि मागे पोर बघायला कोणी नव्हते. आज हा चमचा देणाऱ्या बाईपुढे काय असते? शेकोटी आणि गाणी!

राहिली आजी. आजीशी माझे भांडण फारसे नाही. ती काळोखाला भिते, आणि म्हणून तंबूत रात्रभर दिवा लावा म्हणते. तेवढे मात्र ऐकू नये. लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा उजेड अधिक शिरतो आणि तो शरीराची झोपेची तयारी थांबवतो. निजण्याआधी तासभर मोबाइल समोर धरलेले पोर लवकर झोपत नाही ते यामुळेच. लागलाच तर कापड गुंडाळलेला मिणमिणता दिवा, तोही जमिनीलगत. तंबू अशा ठिकाणी ठोकावा की सकाळचे ऊन त्यावर उशिरा येईल. मात्र वाळक्या फांदीखाली नको, आणि खोलगट जागेतही नको, कारण गार हवा तिथेच साचते.

काळोखाची आणखी एक गंमत आहे. भंडारदऱ्याच्या बाजूला मेअखेरीपासून पहिला मोठा पाऊस लागेपर्यंत झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. ते पाहायला गाड्यांची रीघ लागते, आणि त्या गाड्यांचे दिवे व माणसांच्या हातातल्या विजेऱ्या यांनी काजवेच बुजतात. नराची लुकलुक मादीला दिसेनाशी होते. म्हणजे काजव्याला आणि दोन वर्षांच्या पोराला एकच गोष्ट हवी असते, आणि ती द्यायला पैसे पडत नाहीत. ज्या गावांनी गाड्या लांब थांबवायला लावल्या, दिवे विझवायला लावले, त्यांचा धंदा बुडालेला नाही.

म्हणून तंबूचे भाडे भरण्यापूर्वी मालकाला दूरध्वनी करा. तळे किती खोल, नाश्त्याला काय, हे मागाहून. आधी विचारा, गाणी किती वाजता बंद होतात आणि जेवण किती वाजता मिळते. या दिवाळीसाठी मी सहा ठिकाणी विचारले. चौघांनी सांगितले, बारापर्यंत चालतेच. एकाने उत्तर न देता सवलतीचा दर सांगितला. सहावी एक बाई होती, आवाजावरून साठीची. ती म्हणाली, “आमच्याकडं कर्णाच नाही, बाई. जेवण साडेसातला. नऊला मी दिवे मालवते. चालत असेल तर या.” भाचीने तिथेच पैसे भरले. भाऊबीज आटोपली की निघणार आहोत. गोधडी धुवायची नाही असे तिला दोनदा बजावले आहे.